तुम्ही विचारलंत म्हणून: त्या तेलाने गुण आला का?

आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. ऑफिसातली, बिल्डिंगमधली, कधी कोणाची तरी नणंद जिला मी आयुष्यात भेटलेली नाही. आधी इकडचं तिकडचं होतं, मग आवाज खाली येतो, "अहो ताई, ऐकलं तुम्ही ते गांजाचं तेल घेता, खरंच गुण येतो का हो? आणि मिळतं कुठे?" प्रत्येकीला नव्याने सांगून कंटाळा आलाय म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते, पुढच्या वेळी हेच पाठवीन.

आधी दुखणं काय ते. चार वर्षांपूर्वी ऐन गणपतीत मला नागीण उठली. डाव्या बाजूला, पाठीच्या मणक्यापासून छातीच्या खालपर्यंत, पट्टा बांधल्यासारखी. घरात पाहुणे, मोदकांची पारी हातात, आणि आईने बघितल्या बघितल्या सांगितलं, ही नागीण आहे, तोंड आणि शेपूट जुळायला नको, गेरू लावू. गेरू म्हणजे तोच, रांगोळीच्या खाली सारवतात तो. तो थापून मी गौरी जाईपर्यंत बसले. मग डॉक्टरकडे गेले तर त्यांनी कपाळाला हात लावला. नागीण म्हणजे लहानपणच्या कांजिण्यांचाच विषाणू, नसांच्या मुळाशी वर्षानुवर्षं दडून असतो, अंगातली ताकद कमी झाली की वर येतो, आणि त्याच्यावरच्या गोळ्या पुरळ आल्यापासून ७२ तासांत सुरू केल्या तर जास्त फायदा. माझे ७२ तास गेरूत गेले. आईला हे मी कधी बोलून दाखवलं नाही, आता तिने वाचलं तर वाचलं.

पुरळ तीनेक आठवड्यांत सुकलं आणि दुखणं मात्र राहिलं ते आजतागायत. फोड गेले तरी नस दुखावलेली राहते, ती उगाचच दुखतंय दुखतंय असे निरोप मेंदूला पाठवत बसते. तीन महिन्यांच्या वर राहिलं की त्याला क्रॉनिक म्हणतात. आता बघाल तर माझी कातडी स्वच्छ आहे, दोन-चार फिकट डाग, बस. पण पंख्याचा वारा लागला तरी तिथे चटका बसतो. घट्ट ब्लाउज गेले, साड्या कपाटात पडून आहेत, मऊ सुती कुर्ता तोही उलटा घालते, शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे आतून टोचत नाही. लोकांना वाटतं बाई घाईत उलटा घालून आली. रोज मुलुंडहून दादरला येते, लेडीज डब्यात पर्स डाव्या कुशीला धरते ढालीसारखी, आणि घाटकोपरला जो लोंढा आत येतो त्यात कोणाचं कोपर तिथे लागलं की डोळ्यांसमोर काजवे. त्या बाईचा काय दोष, तिला मी धडधाकटच दिसते.

औषधं सगळी झालीत. आधी प्रीगाबालिन, म्हणजे दुखावलेल्या नसा शांत करणारी गोळी, मग त्याच्या जोडीला अ‍ॅमिट्रिप्टिलीन, जी खरं म्हणजे डिप्रेशनची गोळी पण कमी डोसमध्ये नसांच्या दुखण्यावर देतात (केमिस्टने ती देताना "टेन्शन आहे का मॅडम" विचारलं होतं, काय सांगणार). बधिर करणारे लिडोकेनचे पॅच, ते मुंबईच्या घामात दुपारपर्यंत सुटून कुर्त्याला चिकटतात. मध्ये काही दिवस ट्रामाडोल, अफूच्या जातीचं जोरदार पेनकिलर. ट्रामाडोल २०१८ पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गेलं, त्यामुळे प्रिस्क्रिप्शन असूनही दुकानदार आधी चिठ्ठीकडे आणि मग तुमच्या तोंडाकडे निरखून बघतो. ह्या सगळ्यांनी काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही, दुखणं कमी झालं. पण मी पतपेढीत कॅशला बसते आणि प्रीगाबालिनचा डोस वाढवल्यावर एका संध्याकाळी माझी कॅश जुळेना, ४६ च्या ठिकाणी ६४ लिहिलेले, तेही दोनदा. साहेब काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलावरची बेरीज शेजारची मुलगी परत करायला लागली. आठ किलो वजनही वाढलं. आणि एवढं करूनही रात्री दीडला जाग यायची ती यायचीच.

तर तेल. एका मैत्रिणीने दादरच्या एका वैद्यबाईंचं नाव सुचवलं. त्यांनी पाऊण तास नुसतं ऐकून घेतलं, आधीची सगळी प्रिस्क्रिप्शनं वाचली, आणि मग लिहून दिलं "विजया" असं. मी घरी येऊन शोधलं तर विजया म्हणजे भांगच की! आपल्याकडे कोणी चांगल्या घरातला वाया गेला की म्हणतात तुळशीत भांग उगवली, आणि इथे तीच भांग काचेच्या लहान बाटलीत, ड्रॉपरसकट, लेबलवर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे असं छापलेलं. वास तिळाच्या तेलात ओलं गवत भिजत घातल्यासारखा. जिभेखाली दोन थेंब, आठवड्याने तीन, असं हळूहळू. पहिल्या आठवड्यात मी शहाणपणा करून दोनाचे सहा केले आणि सकाळी मुलुंडच्या पुलाचा जिना उतरताना पायऱ्या मऊ लागायला लागल्या, कठडा धरून दहा मिनिटं उभी होते, ७.५२ ची लोकल समोरून गेली. तेव्हापासून मोजून घेते, आणि रात्रीच.

गुण आला का? सांगते. दुखणं गेलेलं नाही. दहापैकी सात असायचं ते पाच असतं, एखाद्या दिवशी सातच. पण रात्री साडेदहाला झोपले की चार-साडेचारपर्यंत झोप लागते. चार वर्षांत पहिल्यांदा. झोप मिळाली की तेच पाच सोसवतं, आणि प्रीगाबालिन डॉक्टरांना विचारून निम्म्यावर आलंय, कॅश जुळतेय. तोंड कोरडं पडतं, महिन्याला अडीच-तीन हजार जातात आणि मेडिक्लेमवाले ते धरत नाहीत. एवढाच गुण.

हा गुण तेलाचा की वैद्यबाईंनी पाऊण तास ऐकून घेतलं त्याचा, हेही मला छातीठोक सांगता येणार नाही. माझा भाचा मेडिकलला आहे, त्याने मला जमिनीवर आणलं. म्हणाला, मावशी, अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज ह्या शास्त्रज्ञांच्या संस्थेने २०१७ मध्ये म्हटलं की मोठ्या माणसांच्या क्रॉनिक दुखण्यावर कॅनाबिसचा, म्हणजे ह्याच गांजा-भांगेच्या झाडाचा, उपयोग होतो ह्याला भक्कम पुरावा आहे, पण लगेच २०१८ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे जगभरचे औषधांचे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या संस्थेने, खास नसांच्या दुखण्यावरचे प्रयोग तपासले आणि म्हटलं, फायद्यापेक्षा तोटाच वरचढ ठरू शकतो. आणि २०२१ मध्ये दुखण्यावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सरसकट वापराला पाठिंबा द्यायला नकार दिला, पुरावा अपुरा म्हणून. म्हणजे कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर कॅन्सरपासून केस गळण्यापर्यंत सगळ्यावर एकच तेल असं पाठवलं तर ते तिथेच सोडा. आणि घरात कोणाला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ह्याच्या वाटेला जाऊ नका, दोन्ही एकमेकांत लुडबूड करतात.

आता कायद्याचं, कारण दुसरा प्रश्न तोच असतो, "पोलीस पकडत नाहीत?"

ऐका, गंमत आहे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा आणि चरस म्हणजे त्याचा चीक. पानं आणि बिया फुलोऱ्यापासून वेगळ्या असतील तर त्या व्याख्येत येतच नाहीत. म्हणजे एकच झाड, शेंडा तोडला तर तुरुंग, बुडख्याची पानं तोडली तर औषध. शेंडा एक किलोच्या आत असला तरी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. विजयाची औषधं त्या पानांची, आयुर्वेदाच्या लायसन्सवर बनतात, वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतात. पण पानंही सगळीकडे मोकळी नाहीत हं, भांग हा राज्यांचा विषय. बनारसला सरकारमान्य भांगेची दुकानं आहेत, आणि आपल्याकडे महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय भांग बाळगायची सोय नाही. त्यामुळे चिठ्ठी जवळ असणं आलं. मागच्या वर्षी एका लग्नाहून रात्री येताना सायनला नाकाबंदी लागली, बाटली पर्समध्ये आणि चिठ्ठी घरी फ्रिजवर मॅग्नेटखाली. मला दरदरून घाम. हवालदाराने काच खाली करायला लावली आणि नवऱ्याला यंत्रात फुंकर मारायला सांगितली. तो आयुष्यात पन्ह्याच्या पुढे गेलेला नाही. "जाऊ द्या," हवालदार म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, उलटा कुर्ता घातलेल्या काकूंकडे कोण बघतंय. पण घरी येईपर्यंत माझी छाती धडधडत होती, आणि दुसऱ्याच दिवशी चिठ्ठीच्या चार झेरॉक्स काढल्या.

आणि हे काही साहेबाच्या देशातून आलेलं नवं खूळ नाही. उलट एक आयरिश डॉक्टर, ओशॉनेसी, १८३९ मध्ये कलकत्त्यात हे आपल्याकडून शिकला, संधिवाताच्या आणि धनुर्वाताच्या पेशंटांना दिलं आणि मग इंग्लंडला नेलं. १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने ह्याच्यावर अख्खा आयोग बसवला, हजारावर लोकांच्या साक्षी घेतल्या आणि निष्कर्ष काय, तर बेताने घेतलं तर फार नुकसान नाही, सरसकट बंदी नको. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात कॅनाबिसला सर्वांत कडक यादीतून काढायचं मतदान झालं, २७ विरुद्ध २५, आणि आपल्या देशाने काढा म्हणून मत दिलं. तिथे हात वर केला आणि इथे माझ्या पेन क्लिनिकचे डॉक्टर फाइलमध्ये ह्या तेलाचं नाव लिहीत नाहीत. त्यांना दोष नाही देत मी, ते अ‍ॅलोपॅथीचे, विजया त्यांना लिहिता येत नाही आणि त्यांच्या शास्त्रातलं प्रमाणित कॅनाबिसचं औषध लिहावं तर ते इथे हाताशी नाही. खरं तर एनडीपीएस कायद्यातच औषधी आणि शास्त्रीय वापराला वाट ठेवलेली आहे, राज्य सरकारने नियम करून परवाने द्यायचे. जम्मूला सीएसआयआर ह्या सरकारी संशोधन परिषदेची संस्था लायसन्स घेऊन औषधासाठी ही झाडं लावतेच. ती वाट पेशंटपर्यंत आलेली नाही एवढंच.

माझी मामेबहीण टोरंटोला असते, तिचे गुडघे संधिवाताने गेलेत. तिकडे औषध म्हणून २००१ पासून चालतं, १७ ऑक्टोबर २०१८ पासून तर कोणाही सज्ञान माणसाला. तिचा डॉक्टर कागद देतो, पार्सल घरी येतं, बाटलीवर टीएचसी किती आणि सीबीडी किती हे मिलिग्रॅममध्ये. टीएचसी म्हणजे ज्याने डोकं गरगरतं ते, सीबीडीने नशा होत नाही. मला त्या पार्सलपेक्षा त्या मिलिग्रॅमचा हेवा वाटतो. माझ्या बाटलीवर अर्क किती ते लिहिलंय, त्यातलं काय किती ते नाही, आणि मागच्या दोन बाटल्यांचा रंगही एक नव्हता.

म्हणून "मोकळं करा" म्हणणाऱ्यांच्या मोर्च्यात मी नाही. थायलंडने जून २०२२ मध्ये नीट नियम न करताच दार सताड उघडलं, गल्लोगल्ली दुकानं झाली, आणि २०२५ मध्ये परत चिठ्ठी सक्तीची करावी लागली. तसलं नको. आमच्या वरच्या मजल्यावरचा पोरगा मनाने फार चांगला, एकदा लिफ्टमध्ये मला म्हणाला, "काकू, एवढे पैसे कशाला घालवता, मी आणून देतो ना, एकदम प्युअर." त्या प्युअरमध्ये काय आहे हे त्यालाही माहीत नाही. मी त्याला म्हटलं, बाबा, तू अभ्यास कर. पण एक सांगू? ज्या रात्री तेल संपलेलं आणि दीडला जाग आलेली, त्या रात्री मला त्याचा फ्लॅट नंबर आठवला होता.

आणि मिळतं कुठे, ह्याचं उत्तर मी फोनवर देत नाही. वैद्याकडे जा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा, अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांपासून लपवू नका. मी सहा महिने लपवलं होतं. मग एकदा बाटलीच टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी लेबल वाचलं, चष्मा वर केला, आणि म्हणाले, "मी हे लिहू शकत नाही, पण तुम्ही लिहा. रोज. थेंब किती, झोप किती, दुखणं किती."

आणि नागीण आताच उठली असेल तर तेलबिल राहू दे, आजच्या आज डॉक्टर. गेरू रांगोळीला ठेवा. पन्नाशीच्या पुढच्यांसाठी दोन डोसची लसही २०२३ पासून आपल्याकडे मिळते, महाग आहे, पण मी आईला दिली. टोचून घेताना ती म्हणाली, "गेरूने काय वाईट झालं असतं." मी खिडकीबाहेर बघितलं.

वही भरत आलीय, पतपेढीचीच जुनी लेजर आहे, डेबिट-क्रेडिटच्या रकान्यांत दुखणं आणि झोप. २२ तारखेची अपॉइंटमेंट आहे, घेऊन जाणार आहे.