घर्षण गुणांक ०.३८, बरं मग ± किती?

अकरावीच्या जर्नलमध्ये घर्षणाचं प्रॅक्टिकल उघडलं की बऱ्याचदा पाचही रीडिंग तंतोतंत सारखी असतात आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण लाकडी ठोकळा असा वागतच नाही. प्रयोग तसा सोपाय. फळी एका बाजूनं हळूहळू उचलत जायची, ठोकळा ज्या कोनाला सुटतो तो कोनमापकावर बघायचा, त्याचा टॅन काढला की झाला स्थितिक घर्षण गुणांक, म्हणजे ठोकळा हलायच्या आधी फळी त्याला किती घट्ट धरते ह्याचा आकडा. आता सांगलीत पावसाळ्यातल्या दमट हवेत आमच्या पोरांनी हेच केलं तर कोन आले १९, २२, २०, २३ आणि २१ अंश. ठोकळा तोच, फळी तीच, उचलणारा पण तोच. लगेच प्रश्न, मॅडम ह्यातलं खरं कुठलं?

पाचही खरी आहेत की! ठोकळा दरवेळी फळीवर जरा वेगळ्या जागी बसतो, तिथं लाकडाचे रेषे वेगळे, मधेच धूळ, बोटांचा घाम, उचलताना बसलेला बारीकसा हिसका. शिवाय ठोकळा किती वेळ ठेवून मग उचलला ह्यानं पण फरक पडतो, अठराव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ कुलॉमनं हे मोजून दाखवलंय, काही पृष्ठभाग जास्त वेळ एकमेकांना टेकून राहिले की सुटायला जास्त जोर लागतो.

मग एकजण म्हणाला मोबाईलच्या ॲपवर कोन ०.१ अंशापर्यंत दिसतो, ते वापरूया. वापरा, काही हरकत नाही, पण रीडिंग १९ ते २३ पसरलीत तिथं लघुतम माप, म्हणजे उपकरणावर वाचता येणारा सगळ्यात लहान भाग, १ अंशाचं ०.१ केल्यानं तो पसारा कमी होत नाही, तो ठोकळ्याचा आहे, कोनमापकाचा नाही. सरासरी २१, प्रत्येक रीडिंगचा सरासरीपासूनचा फरक २, १, १, २, ०, त्याची सरासरी १.२ अंश. टॅनमध्ये आणलं की उत्तर ०.३८ ± ०.०२, म्हणजे ०.३६ ते ०.४० असा पट्टा. कॅल्क्युलेटरवर ०.३८३८६४ दिसतं म्हणून ते सगळं उतरवून काढायचं नाही, दुसऱ्याच दशांशाला शंका आहे तर पुढचे आकडे कशाच्या जोरावर लिहायचे?

आणि ह्या ± शिवाय पुढचा प्रश्न सोडवताच येत नाही, माझा सगळा जीव त्यातच आहे. १६९९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ अमाँटननं मांडलेला नियम असा की घर्षण बल वजनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे ठोकळ्यावर वजन ठेवलं तरी सुटायचा कोन तोच राहायला पाहिजे. आम्ही वजन ठेवलं तर सरासरी आली २२. नियम मोडला का? नुसतं २१ आणि २२ बघितलं तर मोडला. पण ०.३८ ± ०.०२ आणि ०.४० ± ०.०२ शेजारी ठेवा, दोन्हींचे पट्टे एकमेकांवर येतात, म्हणजे आमच्या प्रयोगाला हा फरक दिसतच नाही. सांगलीच्या पोरांना हे पटकन कळतं, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पुराची इशारा पातळी ४० फूट, आणि पट्टीवर पाणी हेलकावे खात असताना ३९ फूट ११ इंच वाचलं म्हणून कोण निवांत झोपणार?

एक गोष्ट मात्र सरासरी काढून जात नाही. टेबलच एका बाजूला कललेलं असेल आणि कोन टेबलापासून मोजला तर सगळी रीडिंग एकाच बाजूला सरकतात, कितीही घ्या. म्हणून फळी टेबलाच्या दुसऱ्या बाजूकडनं उचलून परत रीडिंग घ्यायची आणि दोन्हींची सरासरी काढायची. पाच मिनिटांचं काम आहे, आणि हे केलेलं जर्नलमध्ये दिसलं की मी तिथं आवर्जून शाबासकी लिहिते.

नंतर फळीवर सनमायका टाकून बघितलं. कोन १५ च्या आसपास, पसारा १ अंश, म्हणजे ०.२७ ± ०.०२. आता बघा, एकाचा पट्टा ०.२९ ला संपतो आणि साध्या फळीचा ०.३६ ला सुरू होतो, मधे चांगली मोकळी जागा आहे, त्यामुळं सनमायकावर घर्षण कमी होतं हे ती पोरं कुणाही परीक्षकाला बिनधास्त सांगू शकतात.