चौऱ्याऐंशी पावलं

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी मेंढपाळाचा फोन आला. "बाई, रातच्याला माळावर गाडी फिरत हुती. दिवा लई मोठा. हरणं पार उधळल्यात." जानेवारीचा शेवटचा आठवडा होता, शाळू हुरड्यात होता. या दिवसांत हुरडा खायला शहरातल्या गाड्या येतात, त्यामुळे रात्री शिवारात दिवे दिसले तरी कुणाला त्याचं काही वाटत नाही. मेंढपाळाला वाटलं, कारण दिवा रस्ता सोडून माळात फिरत होता.

मी सोलापूरकडच्या माळावर वनरक्षक आहे. माझं बीट, म्हणजे माझ्याकडे राखायला दिलेला भाग, कुठलं ते सांगत नाही, खटला चालू आहे. या नोकरीत माणूस रानात हिंडतो असं लोकांना वाटतं. माझा निम्मा वेळ रोपं मोजण्यात, पीकनुकसानीच्या पंचनाम्यात आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या ग्रुपवर फोटो टाकण्यात जातो. राहिलेल्या वेळात लोक मला विचारतात, "साहेब कुठंयत?"

तात्यांना घेऊन साडेसहाला माळावर पोचले. तात्या वीस वर्षं रोजंदारीवर वनमजूर आहेत आणि माग काढण्यात आमच्या अख्ख्या रेंजमध्ये त्यांच्या जवळपास कुणी नाही. मी त्यांच्याकडूनच शिकले. प्रशिक्षणात आम्हाला वाघाचे ठसे शिकवले होते. माझ्या बीटात वाघ नाही.

काळविटाचा खूर दोन फाकांचा, अरुंद, पुढे टोकदार. चालताना मागचा पाय पुढच्याच्या ठशात किंवा त्याला लागून पडतो, माग कसा नेटका दिसतो. पळताना फाका उघडतात, टोकं जमिनीत रुततात आणि माती मागे उडते. सगळ्यात मजेशीर माग उडीचा. धोका लांबून दिसला की काळवीट लगेच चौखूर सुटत नाही. आधी चारही पाय ताठ धरून टणाटण उड्या मारतं. एकानं मारली की कळपातली बाकीची मारतात. मातीवर चार खुरांचा झुपका, मग काहीच नाही, मग पुन्हा झुपका. त्या सकाळी मी टेप लावला, एक मोकळी जागा साडेपाच मीटरची भरली. अशा उडीत वेग जातो, मग मारायची कशाला? कारण ती उडी म्हणजे सांगणं आहे: तुला पाहिलंय, पाठलागाला लागू नको. कुत्र्या-लांडग्यांना ते कळतं. गाडीला कळत नाही.

"हितं उड्या सोडल्या त्यानं," तात्या म्हणाले. "गाडी अंगावर आली की उड्या मारायला सवड कुठली?"

तिथून पुढे माग सपाट झाला होता. खूर लांब लांब पडलेले, मातीचे फवारे मागे. आणि त्यांच्यावर टायरची नक्षी.

वरचं कुठलं आणि खालचं कुठलं, हे बघण्यात माझा खरा जीव आहे. खुराच्या ठशावर टायर असेल तर गाडी मागून आली. टायरवर खूर असेल तर जनावर नंतर आलं. आणि दोन्हीवर दव न मोडता बसलेलं असेल तर दोन्ही दव पडायच्या आधीचं. कळपाचा माग काही अंतर टायरच्या बरोबरीनं समांतर गेला होता आणि मग एकदम गाडीच्या पुढून आडवा. काळविटांची ही खोडच आहे. डावीकडे आख्खा माळ मोकळा असला तरी बरोबरीनं पळता पळता गाडीच्या तोंडासमोरून पलीकडे जातात. माळावर मोटरसायकल चालवणाऱ्या प्रत्येकानं हे पाहिलंय. ज्यांना मजा हवी असते, त्यांनीही.

आडवं जाताना कळप फुटला. माद्या आणि लहान नर ओढ्याच्या बाजूला शाळवात घुसले. एरवी काळवीट उंच पिकात जात नाही, त्याचा सगळा भरवसा डोळ्यांवर आणि उघड्या रानावर असतो, म्हणजे त्यांना किती घेरलं असेल बघा. एक मोठा नर एकटा उरला आणि तो वळून मागे आला. हद्द धरलेला नर होता. अशा नराची लेंड्या टाकायची एक ठरलेली जागा असते, तिच्या आसपासचा माळ तो आपला समजतो. कितीही लांब हाका, फेर धरून तो तिथंच येतो. या नरानं तीन फेर धरले होते. एका जागी मला खूर, त्यावर टायर, त्यावर पुन्हा खूर आणि पुन्हा टायर असे चार थर दिसले. त्या चौरस फुटाचे मी सोळा फोटो काढले. जीपीएसवर सगळा माग सात किलोमीटर भरला.

त्यात आमच्याच खात्याचे चर. या माळावर पूर्वी कधीतरी समतल चर खणून गिरिपुष्प लावलं. गवताळ माळाला पडीक जमीन समजून झाडं लावायची हौस कुणाची होती मला माहीत नाही, पण काळविटाला पळायला लागणारी मोकळी जागा त्यात आडवी कापली गेली. दिवसा ते चर सहज उडून पार करतं. रात्री, डोळ्यांत झोत असताना, तिसऱ्या फेऱ्याला, एका चराच्या कडेवर त्याचे पुढचे गुडघे टेकल्याची खूण होती. झोत मागून असला की हरीण उजेडाच्या पट्ट्यातून बाहेरच पडत नाही. दोन पावलं बाजूला काळोख असतो, पण तिकडे जात नाही.

तोवर गावातून पहिला सल्ला आला होता: भटक्यांच्या पालावर जाऊन झडती घ्या. माळावर काहीही झालं की हेच. फासे लावणारा माणूस बसून राहतो, श्वाससुद्धा जपून घेतो, तो जनावर पळवत नाही. सात किलोमीटर डिझेल जाळणारा पालावर राहत नाही. हे मी फोनवर सांगितलं तर उत्तर आलं, "तुम्ही नवीन आहात मॅडम." मी या बीटात पाचवं वर्ष काढत होते.

साडेसातला तो दिसला. लेंड्यांच्या ढिगापासून वीसेक पावलांवर, एका खुरट्या हिवराखाली बसलेला. पाठ काळीभोर, पोट पांढरं, पीळदार शिंगं मागे टेकवल्यासारखी. तोंड उघडं, जीभ बाहेर, बरगड्या भात्यासारख्या. थंडीत, सकाळी साडेसातला. मी दुर्बिणीतून रक्त शोधत होते. रक्त नव्हतं. त्याच्यापासून थोडं अलीकडे मातीत एक ओला डाग होता, काळ्या चहासारखा. त्याचं मूत्र. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

वरून फोनवर सांगितलं होतं, गर्दी व्हायच्या आत ताब्यात घ्या, डॉक्टर निघालेत. गर्दी येतच होती, बांधावर आठ-दहा मोबाइल दिसायला लागले होते. तात्या हळूच म्हणाले, "जरा थांबूया का? बसूंदे त्याला." मी घड्याळ बघितलं, बांध बघितला आणि पुढे झाले.

तीसेक पावलांवर गेले आणि तो उठला. मागचे पाय लाकडासारखे झाले होते, तरी उठला. पळाला. एक उडीसुद्धा मारायचा प्रयत्न केला, ती जेमतेम वीतभर झाली. मग कोसळला. नंतर मी ते अंतर पावलांनी मोजलं. चौऱ्याऐंशी.

मेंढपाळानं घोंगडी दिली, तिची सावली केली. तात्यांनी उपरण्यानं डोळे झाकले. डोळे झाकले की हरीण शांत होतं म्हणतात. ते शांत झालं, पण मांड्या आतून थरथरत राहिल्या, हाताला कळायचं. अंग तव्यासारखं तापलेलं. पोटाला आणि पायांना पाणी लावत बसलो. बांधावरून एकानं विचारलं, शिंगाला हात लावून फोटो काढला तर चालेल का. तात्यांनी त्याला दिलेली शिवी मी इथे लिहीत नाही.

डॉक्टर पशुसंवर्धनचे, म्हशी-गाईंवर हात बसलेला माणूस, पण त्यांनी डाग बघितल्याबरोबर तोंड वाकडं केलं. सलाइन लावलं. अकरा चाळीसला संपलं.

शवविच्छेदनात गोळी नाही, छर्रा नाही, दाताची खूण नाही. त्यांनी मांडीचा स्नायू उघडून मला दाखवला. लालबुंद असायला हवा तो उकडल्यासारखा फिका पडला होता. मूत्रपिंडं काळवंडलेली. "कॅप्चर मायोपॅथी," ते म्हणाले. जनावर ताकदीपलीकडे पळालं, घाबरलं की स्नायूच मोडायला लागतात, त्यातलं लाल द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं बंद पाडतं. बहुतेकदा पळताना मरत नाही, सुटल्यावर मरतं. कधी काही तासांनी, कधी काही दिवसांनी. मराठीत लिहून द्या म्हटलं तर म्हणाले, "लिहा, पळून मेलं."

शिंगांसकट पंचांसमोर दहन झालं आणि मग खरं भांडण सुरू झालं. वरच्यांचं म्हणणं, हत्यार नाही, मांस नाही, जखम नाही, नैसर्गिक मृत्यू दाखवा आणि मोकळे व्हा. मी वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 काढून कलम 2(16) समोर ठेवलं. शिकार या शब्दाच्या व्याख्येत मारणं आहेच, पण पाठलाग करणं आणि हाकणंही आहे, आणि त्याचा प्रयत्नसुद्धा. काळवीट अनुसूची 1 मधलं, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेलं. "व्याख्या आम्हालाही माहितीये," असं म्हणाले आणि पुन्हा वाचलं. गुन्हा दाखल झाला.

टायरचे साचे घ्यायला प्लास्टर ऑफ पॅरिस मी गणपतीच्या मूर्ती करणाऱ्याकडून आणलं, पदरच्या पैशांनी. पाच साचे घेतले. त्यातला एक, मधोमध चिरलेल्या टायरचा, नंतर एका गाडीला तंतोतंत बसला. त्या गाडीच्या जाळीत कुसळी गवत खच्चून भरलेलं होतं. पोरं पंचविशीच्या आतली. बंदूक नव्हतीच. वरती एक दिवा आणि हातात मोबाइल. "आम्ही मारलं नाही, फक्त पळवलं," असं म्हणाली. ती खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. गाडी थांबली तेव्हा काळवीट उभं होतं, हे त्यांच्याच व्हिडिओत दिसतं. जिवंत सोडलं, या समाधानात घरी जाऊन झोपली असतील.

आता तीन वर्षं होत आली. गेल्या महिन्यात माझी उलटतपासणी झाली. वकिलानं माझ्याच हातचा नकाशा पुढे केला. सात किलोमीटरचा माग मी निळ्या शाईनं काढला होता, फेऱ्यांना आकडे दिले होते. हिवरापासून निघालेली एक आखूड रेघ लाल होती. पंचनाम्यात ती मीच लिहिली होती: पथक जवळ येताच प्राणी उठून 84 पावलं पळाला व पडला. आमच्यातले काही जण तेव्हाच म्हणाले होते, हे कशाला लिहिता.

"म्हणजे मरण्यापूर्वी शेवटचा पाठलाग तुम्ही केलात?" वकिलानं विचारलं.

मी म्हणाले, पाठलाग नाही, पण तो मला बघूनच उठला.

"न उठता तर जगला असता का?"

डॉक्टरांना मी हेच विचारलं होतं. ते म्हणाले होते, मूत्राचा रंग बघता अवघड होतं. मी पुन्हा विचारलं, अवघड म्हणजे किती, तर त्यांनी हात धुवायला घेतले. कोर्टात मी सांगितलं, ते डॉक्टरांना विचारा. कोपऱ्यातल्या बाकावर तात्या बसले होते, त्यांचीही साक्ष होती. ते माझ्याकडे बघत नव्हते. बाहेर चहा घेताना मी म्हटलं, तुम्ही तेव्हा थांबूया म्हणाला होता. ते म्हणाले, "मी काय, कायबी म्हंतो," आणि पुढची तारीख कुठली पडली ते विचारलं.