पोविसला मी का जाते: तुम्ही विचारलंत म्हणून

"सुट्टीच्या दिवशी पैसे मोजून त्या लुटारूंची घरं बघायला कशाला जाता हो?" भारतातून येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा हे विचारतो. इथे ब्रिटनमध्ये आमच्या मंडळाच्या गणपतीतही कुणीतरी विचारतंच. दर वेळी मी दोन वाक्यांत उत्तर देते आणि दर वेळी ते अपुरं पडतं. म्हणून आज सगळं लिहिते आहे.

जाते ती मुख्यतः बागेसाठी. वेल्समध्ये वेल्शपूलजवळ लाल दगडाचा पोविस किल्ला आहे. त्याच्या पायथ्याशी उतरत गेलेले बागेचे टप्पे सतराव्या शतकाच्या अखेरचे. कठड्यावर शिशाचे पुतळे, आणि वर यू झाडांची तीनशे वर्षांची कुंपणं, इतकी फुगलेली की भिंतीवर ढग येऊन बसल्यासारखी वाटतात. उन्हाळा सरता सरता माळी यंत्राच्या पाळण्यात चढून ती कापायला घेतात आणि आठवडेच्या आठवडे कापत राहतात. कामाची ती चिकाटी बघायला मला आवडतं. यात लपवण्यासारखं काय आहे?

पण त्याच किल्ल्यात क्लाइव्ह घराण्याचा हिंदुस्थानी संग्रह आहे. प्लासीनंतर एकट्या रॉबर्ट क्लाइव्हच्या पदरात 2,34,000 पौंड पडले. त्याचा मुलगा एडवर्ड याने 1784 मध्ये या किल्ल्याच्या घराण्यातली मुलगी केली, पुढे तो मद्रासचा गव्हर्नर झाला, आणि 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपू सुलतानाचा तंबू या कुटुंबाकडे आला. तो आज तिथे आहे.

माझे वडील, अप्पा, सोलापूरच्या गिरणीत रंगखात्यात होते. आमच्याकडे आले तेव्हा ते पोविसला यायलाच तयार नव्हते, नातवंडांसाठी आले. तलवारी, हस्तिदंत, टिपूच्या सिंहासनावरचं सोन्याचं वाघाचं डोकं, कशापाशीही थांबले नाहीत. तंबूपाशी मात्र थांबले. कापड जपायचं म्हणून तिथे दिवे मंद ठेवतात. अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पांढऱ्या कापडावर रंगवलेल्या फुलदाण्यांकडे, लाल पाकळ्यांकडे बघत राहिले. मग मला हळू आवाजात समजावू लागले. असा लाल तुरटीशिवाय चढत नाही. जिथे लाल हवा तिथेच आधी तुरटीचा हात फिरवायचा, मग मुळीच्या रंगात उकळायचं. काळी रेघ लोखंडाच्या पाण्याची, म्हणून जुन्या कापडात आधी रेघच झिजते. "बघ, हात कुठेही थरथरलेला नाही," म्हणाले. इतके खुशीत मी त्यांना त्या सबंध मुक्कामात पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात तिथल्या स्वयंसेवक बाई आल्या आणि फार प्रेमाने म्हणाल्या, पुढे या कुटुंबाने हा तंबू बागेतल्या मेजवान्यांसाठी उभारला होता. अप्पांनी विचारलं, काय म्हणते ती? मी जसंच्या तसं सांगितलं.

बाहेर आलो. मी यूची कुंपणं दाखवत होते, ते पाठ फिरवून बसले.

"ज्याने रंगवला त्याचं नाव आहे का कुठे?"

"नाही, अप्पा."

"टिपूचं आहे. क्लाइव्हचं आहे. आणि तू इथे येऊन चहा पितेस."

माझ्याकडे उत्तरं तयार होती. किल्ला 1952 पासून नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू आणि बागा जपणाऱ्या इथल्या संस्थेकडे आहे, तिकिटाचे पैसे बागेवर आणि जतनावर खर्च होतात. 1792 च्या तहात टिपूचा अर्धा मुलूख वाटला गेला, त्यात पेशव्यांनीही वाटा घेतलाच. अप्पा म्हणाले, "मी राजांचं विचारत नाहीये," आणि गाडीत जाऊन बसले. त्या रात्री फोनवर आईला सांगत होते, "पोरगी तिकडची झाली." दार उघडं होतं. मी ऐकलं.

ते वाक्य मला आजही मान्य नाही.

त्याआधी मी सगळ्यांना सांगायचे की बाग क्लाइव्हच्या आधीची आहे, तिला यात ओढू नका. तारखा बघितल्या तर ते खरंच आहे. पण किल्ल्याचं मूळ घराणं कर्जात होतं, किल्ल्याची पडझड चालली होती, आणि तो सावरला क्लाइव्हच्या पैशाने. मग बाग कुणाच्या पैशावर टिकली? हा हिशेब मी अनेकदा मांडला आहे. तो सुटत नाही, आणि म्हणून मी जायचं थांबवतही नाही.

2020 मध्ये ट्रस्टने स्वतःच अहवाल काढून वसाहतींशी किंवा गुलामगिरीशी संबंध असलेल्या 93 जागा मांडल्या, तेव्हा इथले कितीतरी सभासद भडकले: इतिहास कशाला उकरता, आम्हाला बाग बघू द्या. ते ऐकून मला अप्पांची बाजू घ्यावीशी वाटली. आणि तुम्ही "लुटारूंची घरं" म्हणून हात झटकता तेव्हा मला त्या माळ्यांची बाजू घ्यावीशी वाटते. इंग्लंडमधल्या केडलस्टनच्या वाड्यात व्हाइसरॉय कर्झनने आणलेल्या वस्तूंचं दालन आहे, तिथेही माझं हेच होतं. आपण गेलोच नाही, तर काळी रेघ लोखंडाची असते हे त्या स्वयंसेवक बाईंना कोण सांगणार? मी सांगितलं, पुढच्या खेपेला. त्यांनी लिहून घेतलं. तंबू परत जायला हवा असं मला वाटतं, हेही सांगितलं. ते त्यांनी लिहून घेतलं नाही.

तर यंदा येणार असाल तर कळवा. तंबूपाशी किती वेळ थांबायचं ते तुम्ही ठरवा, नाही थांबलात तरी चालेल. बागेचे दोन तास मात्र मी सोडणार नाही.