शार्क बसला, पण समुद्र जाईना

बेनिनचे चित्रकार सिप्रियन तोकूदाग्बा यांच्या धर्तीवर तिथल्या जुन्या राजांची चिन्हं मी कॅनव्हासवर रंगवतोय. रानरेडा आणि सिंह झाले तेव्हा इथे ‘शार्क येत्या रविवारी’ असं लिहून मोकळा झालो होतो. त्या रविवारला सहा आठवडे झाले. काल रात्री पावणेबाराला शार्क एकदाचा कॅनव्हासवर बसला. समुद्र मात्र अजून गेलेला नाही.

तोकूदाग्बांचा प्राणी फिकट, कोऱ्या पार्श्वभूमीवर एकटा उभा असतो, हे मीच इथे दोनदा सांगितलंय. तरी हात शिवशिवला. रेड्याला गवत नको, सिंहाला रान नको, पण माशाला पाणी नको? म्हणून पोटाखाली थॅलो ब्लू या गडद, जोरकस निळ्याच्या तीन लाटा ओढल्या. झालं! राजाचं चिन्ह गेलं आणि मत्स्यालयाच्या तिकीटखिडकीवरची पाटी आली.

मग पुन्हा अबोमेच्या, म्हणजे आजच्या बेनिनमधल्या जुन्या दाहोमे राज्याच्या राजधानीच्या, राजांकडे वळलो. हा शार्क म्हणजे दाहोमेचा राजा बेहांझिन. फ्रेंचांशी १८९० आणि १८९२-९४ अशी दोन युद्धं लढला. समुद्राकडून येणाऱ्याला धाक म्हणून शार्क. गेझोचा रानरेडा, ग्लेलेचा सिंह, हळूहळू झाडाचा शेंडा गाठणारा अकाबाचा रंग बदलणारा सरडा, ही सगळी बोधवाक्यातून आलेली राजांची नावं. म्हणजे इथे प्राणी रंगवायचा नसतो, नाव लिहायचं असतं. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवरचा शरभ पंजात हत्ती धरून असतो, त्याच्यामागे कुणी सह्याद्री कोरला का?

तर लाटा पुसायच्या. पांढऱ्यातून कालवलेला पार्श्वभूमीचा क्रीम रंग दोन हात मारला, निळं वर. चार हात मारले, तरी निळी सावली. थॅलो चिवट हे ठाऊक होतं, पण इतका? शेवटी ट्यूब उलटी करून भिंग लावलं. नुसतं ‘व्हाइट’ लिहिलेल्या त्या स्वस्त ट्यूबवर बारीक अक्षरात रंगद्रव्याचा नंबर, पीडब्ल्यू ४. म्हणजे झिंक! पारदर्शक पांढऱ्याने मी महिनाभर निळं झाकत होतो. झाकायला पीडब्ल्यू ६, म्हणजे टायटॅनियमच लागतो. नाव घेत नाही, पण पिगमेंटचा नंबर मुंगीच्या अक्षरात छापणाऱ्या कंपनीची ट्यूब आता घरात येणार नाही. टायटॅनियममध्ये चिमूटभर यलो ओकर घालून दोन हातांत रंग झाकला.

रंग झाकला, पण उंचवटा राहिला. दिवा बाजूने पडला की लाटांच्या कडा स्पष्ट दिसतात. कॅनव्हासच्या मागे जाड डिक्शनरी धरून ३२० चा वॉटर पेपर ओला करून घासतोय. दोन लाटा गेल्या, मधली हटत नाही.

शार्कची राखाडी मात्र मस्त जमली. ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतो, म्हणून नंतर मारलेलं ठिगळ कधीच जुळत नाही. या वेळी सगळा रंग एकदम कालवून श्रीखंडाच्या डब्यात झाकून ठेवला. फोमच्या लहान रोलरने दोन पातळ हात, एक आडवा, एक उभा. ब्रशची रेघ शोधून दाखवा! बाह्यरेषा शेवटी, एका दमात, लायनर या लांब केसांच्या बारीक ब्रशने.

पुढचा आगोंग्लो राजाचा अननस ठरला होता. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, तोकूदाग्बा कॅनव्हासकडे आले ते भिंतीवरून. आधी वोदून या तिथल्या पारंपरिक धर्माच्या देवळांच्या भिंती, १९८७ पासून अबोमेच्या राजवाड्यातल्या उठावचित्रांची डागडुजी, आणि १९८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनाच्या सुमारास कॅनव्हास. मी उंचवटा घासून काढतोय आणि तिथे तर प्राणी भिंतीतूनच उठून येतो. तेव्हा अननस राहू दे. प्लायवर मातीचा पातळ उठाव देऊन सरडा करून बघतो. मातीत शेण किती आणि भुस्सा किती, कुणी केलं असेल तर सांगा, माझा पहिला नमुना आत्ताच बाल्कनीत तडकलाय.

मधली लाट उद्या सकाळी, उजेडात.