शाडूच्या करंज्या

मी आर्ट थेरपी करते, म्हणजे चित्रं, माती हाताळता हाताळता मनावरचे उपचार, पण हे नाव घेतलं की लोकांना चित्रकलेचा क्लास वाटतो. खरंतर हे नावच १९४२ मध्ये एड्रियन हिलने दिलं, पहिल्या महायुद्धात लढलेला इंग्लिश चित्रकार, म्हणजे फौजी आणि आमचं नातं जुनंच आहे.

मागच्या पावसाळ्यात साताऱ्याकडचे एक रिटायर्ड हवालदार यायला लागले, त्यांना आबा म्हणू. १९८७ ला श्रीलंकेत जाफन्यात होते, आपल्या शांतिसेनेत. शांती नुसती नावात हो, आपले अकराशेच्या वर जवान गेले तिथे. पण कारगिलवाल्यांचे सत्कार होतात, श्रीलंकावाल्यांना कोण विचारतंय! दिवाळीत फटाके सुरू झाले की आबा शेतातल्या खोपीत राहायला जायचे, एवढंच काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, सांगितलेलं.

अमेरिकेत बेथेस्डाच्या मिलिटरी सेंटरमध्ये सैनिक मुखवटे रंगवतात, ते वाचून मीपण कोरे मुखवटे आणून ठेवले. आबांनी एक उलटासुलटा करून बघितला, "म्याडम, असली सोंगं आमच्या जत्रंत असत्यात." झालं, माझा प्लॅन बाराच्या भावात.

मग शाडू दिला. दोन सेशन नुसते बोटाएवढे गोळे वळत बसले, सगळे एकसारखे, दोन्ही टोकं चिमटलेली. दाराशी बसलेल्या काकू म्हणाल्या, "अहो करंज्या करताय व्हय?" आबा पहिल्यांदा हसले. मी ते ओल्या फडक्यात गुंडाळून आइस्क्रीमच्या डब्यात ठेवले.

तिसऱ्या वेळी ते रचायला लागले, विटांसारखे सांधा मोडून, प्रत्येक गोळा मुठीने ठोकत. तेव्हा माझी ट्यूब पेटली, सँडबॅग, मोर्च्यावरची वाळूची पोती! अर्धगोल भिंत झाली, मध्ये एक फट राहिली, आणि मी शहाणी, विसरले असतील म्हणून पुढचा गोळा दिला.

"तितं न्हाय लावायचा. तितनं बघत्यात."

गुडघे दुखत असताना खाली बसले, डोळा फटीला लावला. खूप वेळ. मग तसंच, आमच्याकडे न बघता, "त्या राती पाळी माजी व्हती. मला ताप व्हता म्हनून त्यो हुबा ऱ्हायला."

हात चालू असले की तोंड उघडतं, हे आमच्या पुस्तकांत जड शब्दांत लिहिलंय, काकूंना भाजी निवडताना माहीतच असणार. पण हे त्यांनीही लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं. रडल्याबिडल्या नाहीत, फक्त विचारलं, "नाव काय हो त्यांचं?" आबांनी सांगितलं. मी इथे लिहीत नाही.

भिंत माझ्या कपाटात ठेवलीय. शाडू वाळला की तडकतोच, पुढच्या खेपेला आबाच वाटीत माती कालवून भेगा लिंपत बसले होते, फट तेवढी सोडून.