टूल आलं म्हणून माणसं कमी करू नका – रेव्हेन्यू अश्युरन्समधल्या माणसाचं म्हणणं

टेलिकॉममध्ये रेव्हेन्यू अश्युरन्सचं (वापराचे सगळे पैसे बिलात येतात का हे तपासायचं काम) नवीन टूल घ्यायचं ठरलं की मीटिंगमध्ये एक प्रश्न हमखास येतो, टीममधली किती माणसं कमी होतील? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो आणि का वाटतो ते एकदा नीट लिहायचं होतं.

आधी एक सांगतो, मी टूलच्या विरोधात अजिबात नाही. आपल्याकडे देशात २२ सर्कल (टेलिकॉमसाठी पाडलेले देशाचे विभाग), त्यातल्या एका सर्कलच्या एका दिवसाच्या सीडीआर घ्या (कॉल जोडणारं यंत्र म्हणजे स्विच, त्यात प्रत्येक कॉलची जी नोंद होते ती) आणि एक्सेलमध्ये टाकायचा प्रयत्न करा. एक्सेलची शीट १०,४८,५७६ ओळींना संपते, तिथेच विषय संपला. स्विचमधून निघालेली प्रत्येक नोंद मीडिएशनला (नोंदी गोळा करून, गाळून पुढे पाठवणारी सिस्टीम) पोचली का, तिथून रेटिंगला (कॉलचे पैसे लावायची पायरी) गेली का, बिलात आली का हे जुळवणं माणसाचं काम नाहीच, ते सॉफ्टवेअरनेच करावं आणि रोज करावं.

पण जुळलं म्हणजे बरोबर आहे असं नसतं ना. माझ्या पाहण्यातली एक केस सांगतो, कंपनीचं नाव नको. मिनिटाला पैसे लागायचे त्या काळातली पोस्टपेडची गोष्ट. कॉल लांबला की स्विच एकच नोंद करत नाही, ठराविक वेळाने तुकडे पाडतो, त्याला पार्शल सीडीआर म्हणतात. तिथे दर अर्ध्या तासाला तुकडा पडायचा. म्हणजे एक तास चाळीस मिनिटं चाळीस सेकंदांचा कॉल असेल तर १८०० सेकंदांचे तीन तुकडे आणि शेवटचा ६४० चा. आता तो स्विच प्रत्येक तुकड्यावर वेळ लिहायचा ती मूळ कॉल उचलल्याची, तुकडा सुरू झाल्याची नाही. आणि मीडिएशनमधला डुप्लिकेट चेक बघायचा चारच गोष्टी, कोणी लावला, कोणाला लावला, सुरू कधी झाला, किती सेकंद चालला. तीन तुकड्यांत चारही गोष्टी सेम! मग पहिला ठेवला, पुढचे दोन डुप्लिकेट म्हणून बाजूला काढले, शेवटचा ६४० चा वेगळा दिसला म्हणून राहिला, आणि गिऱ्हाइकाला बिल गेलं चाळीस मिनिटं चाळीस सेकंदांचं. अख्खा एक तास गायब.

आणि डॅशबोर्ड? हिरवागार. कारण आत आलेल्या नोंदी बरोबर बाहेर गेलेल्या अधिक रिजेक्ट झालेल्या, हा हिशोब एकेका नोंदीपर्यंत बरोबर लागत होता. एवढे लांब कॉल मुळात कमीच, त्यामुळे डुप्लिकेटचं प्रमाणही थ्रेशोल्डच्या, म्हणजे अलार्म वाजायच्या मर्यादेच्या आत. टूलला जे सांगितलं होतं ते त्याने चोख केलं.

पकडलं कोणी तर टीममधल्या एका सीनियर सरांनी, ज्यांची आधीची बरीच वर्षं स्विचच्या बाजूला गेली होती. त्यांनी रिजेक्टची फाईल उघडली, सेकंदांच्या कॉलमवर सॉर्ट मारला आणि खाली खाली जात राहिले, १८००, १८००, १८००. खरे डुप्लिकेट येतात ते बहुतेक एखादी फाईल दोनदा पाठवली गेली म्हणून, मग त्यात सेकंद कसेही असतात, ३७, २१२, ९, काहीही. सगळे एकाच आकड्याचे कसे असतील? हे त्यांना बघताक्षणी कळलं कारण तो स्विच अर्ध्या तासाने तुकडा पाडतो हे त्यांना तोंडपाठ होतं. हे ज्ञान कुठल्याच रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये नव्हतं, आणि अशीच माणसं पहिल्यांदा "कॉस्ट" म्हणून मोजली जातात याचा मला खरंच राग येतो.

थ्रेशोल्डचंही तेच. एकूण फरक अर्ध्या टक्क्याच्या आत म्हणून अलार्म नाही, पण त्या अर्ध्या टक्क्यात एखाद्या छोट्या ट्रंक ग्रुपचा (दुसऱ्या नेटवर्कशी जोडणाऱ्या लाइनींचा गट) सगळाच्या सगळा ट्रॅफिक असू शकतो, शंभर टक्के. टक्का सगळ्यांचा मिळून काढला की तो दिसणारच नाही, रूटनुसार फोडून बघायला हवं हे कोणाला तरी सुचावं लागतं.

सिम बॉक्सच्या (भरपूर सिम लावून बाहेरचे कॉल लोकल म्हणून सोडायचं यंत्र) बाबतीत तर माणूस लागतोच लागतो. १ जानेवारी २०२१ पासून देशातल्या कॉलवर ऑपरेटरनी एकमेकांना द्यायचा टर्मिनेशन चार्ज (दुसऱ्याचा कॉल पोचवायचे पैसे) शून्य झाला, पण परदेशातून येणाऱ्या कॉलसाठी ट्रायने (टेलिकॉमची सरकारी नियामक संस्था) २०२० मध्ये मिनिटाला ३५ ते ६५ पैसे ठरवून दिलेत. हे पैसे चुकवायला कॉल इंटरनेटवरून आणून इथल्या सिममधून लोकल म्हणून सोडतात, म्हणून दुबईहून भाऊ फोन करतो आणि स्क्रीनवर आपल्याकडचाच अनोळखी नंबर दिसतो. टूलमधलं मॉडेल अशी सिम छान शोधतं, आउटगोइंग भरपूर, इनकमिंग जवळपास नाही, प्रत्येक कॉल वेगळ्या नंबरला, टॉवर कधी बदलत नाही. पण एखाद्या छोट्या हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरचा, पेशंटना अपॉइंटमेंटची आठवण करून देणारा मोबाईलही नेमका असाच दिसतो! तो बंद केला तर? मॉडेलने यादी लावून द्यावी, टेस्ट कॉल करून खात्री करावी, बंद करायचं की नाही हे मात्र ज्याला जबाबदार धरता येईल अशा माणसानेच ठरवावं. उलट बाजूने, हे धंदेवाले सिम फिरवतात, मुद्दाम इनकमिंग करून घेतात, म्हणजे कालचा पॅटर्न आज चालेलच असं नाही आणि तो बदललाय हे कॉल सेंटरला आलेल्या तक्रारी वाचणाऱ्या माणसालाच सगळ्यात आधी कळतं.

आता अनलिमिटेड पॅक आल्यावर मिनिटं मोजून काय मिळणार असं लोक म्हणतात. अहो, काम बदललं, संपलं नाही. पॅकची मुदत संपूनही नेटवर्कमध्ये चालूच राहिलेला नंबर, एचएलआरमध्ये (नेटवर्ककडची ग्राहकांची यादी) ॲक्टिव्ह पण बिलिंगमध्ये खातंच नाही असा नंबर, हे आजही सापडतात.

माझं मागणं फार नाही. प्रत्येक रूलपुढे तो कोणी लिहिला आणि का लिहिला हे टूलमध्येच नोंदवा, रूलला एक मालक असू द्या. नवीन पोराला डॅशबोर्ड दाखवायच्या आधी काही दिवस कच्च्या सीडीआर वाचायला बसवा, शेजारी स्विचवाला एखादा जुना माणूस द्या. आणि रिजेक्ट झालेल्या नोंदी लगेच पुसू नका. वरच्या केसमध्ये नंतर चेकमध्ये तुकड्याचा सिक्वेन्स नंबर घातला आणि गळती थांबली, पण जुन्या फाईली पुसल्या गेल्या होत्या, त्यामुळे नेमके किती पैसे गेले ते कधीच काढता आलं नाही.