गच्चीवरच्या फ्लॉवरवर अळ्या पडल्या तेव्हा काय काय केलं – माझा अनुभव

गणपती झाल्यावर गच्चीवर फ्लॉवर, टोमॅटो आणि वांग्याची रोपं लावली होती. पुण्यात पाऊस ओसरायला लागला की भाजीला हे दिवस मस्त असतात, रोपं पण जोमात आली. नवरात्रात बघते तर फ्लॉवरच्या पानांना भोकंच भोकं, खालच्या पानांवर बारीक काळपट लेंड्या पडलेल्या आणि अळी मात्र एकही दिसेना.

माझा मामा नारायणगावकडचा, वर्षानुवर्षं टोमॅटो करतो. त्याला फोटो पाठवले आणि विचारलं मामा काय फवारू, तर तो म्हणाला, "अगं औषध नंतर विचार, आधी अळी कुठली ते सांग. पान उलटं करून बघितलंस का?" माझ्या मते सगळ्या प्रकरणात हीच सगळ्यात कामाची गोष्ट, कारण तीन झाडांवर मिळून चार वेगळ्या अळ्या निघाल्या आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा.

फ्लॉवरचं पान उलटलं तर खाली इवल्या हिरव्या अळ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या, बोट लावलं की वळवळून धाग्याला लटकत खाली सुटायच्या. हा चौकोनी ठिपक्यांचा पतंग, म्हणजे ही त्याची अळी, पतंगाने पंख मिटले की पाठीवर फिकट चौकोन दिसतात म्हणून हे नाव. मामा म्हणाला ही फार चिवट, एकच औषध सारखं मारलं की दाद देत नाही. नंतर मी वाचलं तर खरंच, डीडीटीला ही दाद देईना हे 1953 सालीच जावामध्ये दिसलं होतं आणि जिवाणूंपासून बनवलेल्या बीटीच्या फवारणीलाही शेतात पहिल्यांदा दाद न देणारी कीड हीच. त्यामुळे आपण घरी काहीतरी जालीम आणून भसाभस मारायचं हा विचार मी तिथेच सोडला, आणि आठवड्याभरात जी भाजी घरातली पोरं खाणार तिच्यावर तसलं काही मारायची माझी तयारी पण नव्हती.

दोन-तीन पानं तर नुसती जाळी झालेली, हिरवा भाग खरवडून खाल्लेला आणि पांढरा पापुद्रा उरलेला. त्याच्या मागे बारक्या अळ्यांचा घोळका. ही स्पोडोप्टेरा, पानं खाणारी अळी. हिची मादी पानाखाली एका जागी शेकडो अंडी घालते आणि वर तपकिरी लव पसरते, अळ्या लहान असेपर्यंत सगळ्या एकाच पानावर बसून खातात. म्हणजे तेव्हाच ते पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवलं की अख्खी पिढी गेली, फवारणीची गरजच नाही. एकदा मोठ्या होऊन पांगल्या की दिवसा मातीत, कचऱ्याखाली लपतात आणि रात्री खातात, म्हणून दिवसा सापडत नाहीत. मग मी रात्री जेवणं झाली की टॉर्च घेऊन वर जायला लागले, मुलगी पण यायची, चिमट्याने वेचून बादलीत. किळस वाटते पहिल्यांदा, पण खरं सांगते, गच्चीवरच्या थोड्या झाडांना हाताने वेचण्याइतका पक्का उपाय दुसरा नाही.

फवारणीत मी निंबोळी अर्क वापरला. 50 ग्रॅम निंबोळीची पावडर रात्रभर 1 लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून नीट गाळायची नाहीतर पंपाचं नोझल तुंबतं, आणि मारायच्या आधी थोडा साबणाचा चुरा विरघळवायचा म्हणजे पानाला चिकटतं. मारायचं ऊन उतरल्यावर, संध्याकाळी, कारण त्यातलं अळीवर काम करणारं द्रव्य, अझाडिरॅक्टिन, उन्हात लवकर जातं. आणि पानाच्या खालून मारायचं! अळी लगेच मरून पडत नाही हे लक्षात ठेवा, तिचं खाणं कमी होतं आणि पुढची कात टाकता येत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी अळी दिसली की औषध वाया गेलं असं समजू नका. आठवड्याने परत मारलं.

फ्लॉवरवर मध्ये एकदा बीटी पण मारलं, बीटी कापसात ज्या जिवाणूचं जीन घातलंय तोच हा जिवाणू, इथे पावडर पाण्यात मिसळून फवारतात, प्रमाण पाकिटावर असतं. अळीने ते पान खाल्लं तरच चालतं, मग तिचं खाणं बंद होतं आणि दोन-तीन दिवसांत मरते. लहान अळीवर छान चालतं, मोठीवर फारसं नाही.

वांग्याचं मात्र वेगळंच. शेंडे माना टाकायला लागले, पाणी कमी पडलं असेल असं वाटतं पण शेंडा चिरला की आत अळी. आत बसलेल्या अळीला फवारा लागतच नाही, तो शेंडा थोडा खालून कापायचा आणि नष्ट करायचा, कंपोस्टमध्ये टाकायचा नाही. खाली परत फूट येते.

टोमॅटो धरायला लागल्यावर घाटे अळी आली, हरभऱ्यावरची तीच, डोकं फळात आणि अंग बाहेर अशी बसते. दसऱ्यासाठी लावलेला झेंडू शेजारीच होता त्याचा इथे फार उपयोग झाला, ही पाकोळी झेंडूच्या कळ्यांवर हौसेने अंडी घालते. मामाकडे शेतात टोमॅटोच्या 16 ओळींमागे 1 ओळ झेंडू असते, आणि झेंडूचं रोप टोमॅटोपेक्षा मोठं घेतात म्हणजे फुलं वेळेवर येतात. मी रोज सकाळी झेंडू तपासून अळ्या तिथेच वेचायचे.

दोन अळ्या मात्र मारू नका. एक, जिच्या अंगावर किंवा शेजारी तांदळाच्या कणीएवढे पांढरे कोष चिकटलेत ती. ते गांधीलमाशीच्या जातीच्या बारक्या माशीचे कोष, त्यातून निघालेल्या माश्या पुढच्या अळ्या संपवतात. आणि दुसरी कढीपत्त्यावरची, लहानपणी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी, डिवचली की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून वास सोडणारी. तिचं सुंदर फुलपाखरू होतं, कढीपत्ता थोडा खाईल, खाऊ दे.

स्पोडोप्टेराचे आणि घाटे अळीचे कोष मातीत असतात म्हणून झाडं काढल्यावर ग्रो बॅगमधली माती मी गच्चीवर पसरून एप्रिल-मेच्या उन्हात चांगली तापू दिली. या वर्षी फ्लॉवर लावायच्या 15 दिवस आधी कडेच्या कुंड्यांत मोहरी पेरलीय, चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीवर आधी जातो, आणि मोहरीवरच्या अळ्या वेचणं फ्लॉवरच्या गड्ड्यात शोधत बसण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.